माणूस गेल्यावर मालमत्तेचे कागद: वारसनोंद, वारस दाखला, सक्सेशन, प्रोबेट यांपैकी काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने? (महाराष्ट्रापुरतं)

दस्तनोंद (धागाकर्ता)

घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य उरकेपर्यंत कागदांचा विषय कुणी काढत नाही, ते योग्यच आहे. त्यानंतर मात्र जो तो एकेका कार्यालयाच्या रांगेत उभा राहतो. थोरला तलाठ्याकडे, धाकटा बँकेत, जावई सोसायटीत. तिघे तीन वेगवेगळ्या वारस याद्या देऊन येतात. एकीत विवाहित बहीण राहून जाते, दुसरीत आजी राहून जाते, तिसरीत आईचं माहेरचं नाव पडतं. चार वर्षांनी फ्लॅट किंवा जमीन विकायला काढली की खरेदीदाराचा वकील हे तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवतो आणि व्यवहार तिथेच अडतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: सगळीकडे एकच वारस यादी, तीच नावं, तेच स्पेलिंग, तोच क्रम. अर्ज कुठेही करण्याआधी ही यादी घरात बसून पक्की करा.

इथे मुख्यतः हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ ज्यांना लागू होतो (हिंदू, बौद्ध, जैन, शीख) त्यांच्याबद्दल लिहितोय. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांत हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात. कार्यालयांतल्या पायऱ्या बऱ्याचशा सारख्याच आहेत.

मृत्यू दाखल्यापासून सुरुवात करा. २१ दिवसांत नोंद झाली तर विलंब शुल्क लागत नाही. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, म्हणजे विनाकारण एक प्रकरण वाढतं. दाखला हातात आला की तिथेच काउंटरवर उभं राहून वाचा: मयताचं पूर्ण नाव सातबारा, पॅन आणि पासबुकावर जसं आहे तसंच आहे का, वडिलांचं नाव बरोबर आहे का, तारीख बरोबर आहे का. रुग्णालयाने कळवलेलं "बाळू" आणि सातबारावरचं "बाळकृष्ण" ही एकच व्यक्ती आहे हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा त्याच निबंधकाकडे दुरुस्ती अर्ज देणं कितीतरी सोपं. दहाएक मूळ प्रती काढून ठेवा.

मग मालमत्तेची यादी. स्थावर एका पानावर, जंगम दुसऱ्या पानावर. प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी: क्रमांक (गट नंबर, खाते नंबर, पॉलिसी नंबर), नाव एकट्याचं की संयुक्त, नॉमिनी कोण, बोजा किंवा कर्ज किती. यादी होईपर्यंत वकिलाकडे जाऊ नका. गेलात तर तोही हेच करून आणायला सांगेल.

सनद

धागा चांगला काढलात. चार कागदांची नावं लोक एकमेकांत मिसळतात, म्हणून ती आधी वेगळी करतो.

वारसनोंद महसुली असते. तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) होते आणि सातबारावर नावं चढतात. तिने मालकी ठरत नाही. सरकारने सारा कुणाकडून घ्यायचा याची ती नोंद.

वारस दाखला दिवाणी न्यायालय देतं, मुंबई विनियम ८, सन १८२७ खाली. कायदा जुना असला तरी महाराष्ट्रात रोज वापरला जातो. अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे. घर, प्लॉट, जमीन यांच्यासाठी मुख्यतः हा लागतो.

उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला सक्सेशन म्हणतात ते, भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३७२ खाली मिळतं. ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं: बँकेतली ठेव, शेअर, रोखे, कुणाकडून यायची रक्कम. त्यात फ्लॅट लिहून आणलेले अर्ज परत जातात, कारण घर म्हणजे येणं नव्हे.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, हे मृत्युपत्र असेल आणि त्यात व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमलेला असेल तरच. मृत्युपत्र आहे पण व्यवस्थापक नेमलेला नाही, किंवा तो आधीच वारला, तर प्रशासन पत्र (लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) मागायचं.

मुंबईबद्दल एक बदल लक्षात घ्या. मुंबईत केलेल्या किंवा तिथल्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती ती १९२५ च्या कायद्यातल्या कलम २१३ मुळे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम वगळलं. म्हणून मृत्युपत्र आपोआप मान्य होतं असं कुणी समजू नये. वाद असेल, किंवा बँक, सोसायटी, खरेदीदार अडून बसले, तर प्रोबेट घेणंच शहाणपणाचं. मृत्युपत्र नोंदणीकृत असण्याची सक्ती नाही, दोन साक्षीदारांची सही मात्र हवीच. कोर्टात त्यांतला किमान एक साक्षीदार सहीची शपथ घेणारा लागतो. साक्षीदार दोघेही मृत्युपत्र करणाऱ्याच्याच वयाचे असतील तर त्या वेळेपर्यंत कोण उरणार, हा विचार मृत्युपत्र लिहितानाच करायचा असतो.

चाफा

नॉमिनी लावलेला आहे, मग सक्सेशन वगैरे कशाला? बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते ना?

हिशेबनीस

चाफाताई, बँक मोकळी होते, नॉमिनी होत नाही. पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच नॉमिनीने ठरतं. ते कुणाचे आहेत हे वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने विमा पॉलिसीबद्दल हे १९८४ मध्ये सांगितलं, शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने एक अपवाद आला: आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर तो लाभार्थी नॉमिनी धरला जातो. भाऊ किंवा पुतण्या नॉमिनी असेल तर तो विश्वस्तच.

आता बँकांचं प्रत्यक्ष काय चालतं ते सांगतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितले.

नॉमिनी किंवा "दोघांपैकी एक अथवा हयात" अशी सूचना असलेलं खातं असेल तर बँकेने सक्सेशन किंवा प्रोबेट मागायचं नाही, रक्कम कितीही असो. दावा अर्ज, मृत्यू दाखला, दावेदाराचं ओळखपत्र, एवढंच.

नॉमिनी नसेल तर व्यावसायिक बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत. क्षतिपूर्ती बंध (बँकेचं नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी), दावा न करणाऱ्या वारसांचं ना हरकत पत्र आणि वारस कोण याची घोषणा. त्यावर रक्कम गेली की मग सक्सेशनचा विषय येतो.

कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर ठेवीवर रिझर्व्ह बँकेचा बँक दर अधिक ४ टक्के व्याज, लॉकरबाबत रोज ५,००० रुपये भरपाई. म्हणून कागद दिल्याची पोच शिक्का-तारखेसह घ्याच. पोच नसेल तर १५ दिवस कुठून मोजणार?

मयताचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका, अंत्यविधीचा खर्च असला तरी. स्टेटमेंटवर तारीख उमटते, मृत्यू दाखल्यावरही तारीख असते, आणि वारसांत पुढे तेढ आली की सर्वांत आधी हेच पान पुढे येतं.

पीएफचे तीन वेगळे दावे असतात: साठलेल्या रकमेसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर विम्यासाठी ५-आयएफ. तिसरा लोक विसरतात, त्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे. लग्नाआधी आईवडिलांच्या नावे केलेलं पीएफचं नामांकन लग्नानंतर रद्द समजलं जातं, त्यामुळे जुना फॉर्म दाखवून भांडण्यात अर्थ नाही.

जुने कागदी शेअर सापडले तर कंपनीच्या निबंधक आणि हस्तांतरण एजंटला आधी पत्र टाका. ७ वर्षं लाभांश न घेतलेले शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) वर्ग झालेले असतात, तिथून परत आणायला आयईपीएफ-५ हा वेगळा फॉर्म. बँकेतली १० वर्षं न हललेली ठेव शोधायची तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बघता येतं.

गावनमुना

शेतीचं मी सांगतो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच.

वारसाने हक्क मिळाला की ३ महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४९ सांगतं. उशिरा दिल्याने हक्क बुडत नाही, पण वाट पाहू नका. मधल्या काळात अजून एक वारस गेला की एका नोंदीच्या दोन होतात.

अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. सोबत मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं, वय, पत्ता आणि नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रं, मयताच्या नावच्या सर्व गटांचे सातबारा आणि ८-अ. ८-अ आवर्जून, कारण सातबारा एकेका गटाचा असतो. ८-अ वर त्या खात्यातले त्या गावचे सगळे गट एकत्र दिसतात आणि विसरलेला पाच गुंठ्यांचा तुकडा तिथे सापडतो. जमीन दोन गावांत असेल तर अर्ज दोन.

पुढचा क्रम असा. अर्ज आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये जातो. चौकशी होऊन मंडळ अधिकारी वारस ठरवतात. त्यानंतर गाव नमुना ६ मध्ये फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि मगच सातबारावर नाव येतं. हरकत आली की प्रकरण ६-अ मध्ये, विवादग्रस्त नोंदवहीत. निर्णय पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, मुदत ६० दिवस.

फेरफार धरला गेला की त्याची प्रत लगेच काढा आणि बोट ठेवून वाचा. बऱ्याच जुन्या नोंदींत असं सापडतं: "खातेदार अमुक हे दि. ... रोजी मयत. वारस मुलगे दोन यांची नावे कब्जेदार सदरी, व मुली तीन आणि पत्नी यांची नावे इतर हक्कात दाखल केली." कब्जेदार सदर म्हणजे सातबारावरचा धारकांचा रकाना, इतर हक्क हा बोजे वगैरेंचा. हे चूक आहे. मुलगी आणि पत्नी या मुलाइतक्याच वारस, त्यांची नावं कब्जेदार सदरीच हवीत. इतर हक्कात टाकलेल्या बहिणीचं नाव पुढे एखाद्या फेरफारात अलगद कमी होतं आणि तिला पत्ताही लागत नाही. १५ दिवसांची मुदत संपायच्या आत लेखी दुरुस्ती मागा.

दुसरी खूण म्हणजे मयताच्या नावापुढचं "ए.कु.मॅ." याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. त्याचं एकट्याचं नाव सातबारावर असलं तरी जमीन त्याची एकट्याची नव्हती. त्याचे भाऊ, बहिणी यांचाही हिस्सा त्यात असू शकतो. ज्या फेरफाराने ते नाव लागलं तो जुना फेरफार काढल्याशिवाय वारस अर्ज टाकू नका.

इतर हक्कातला विकास सोसायटीचा बोजा वारसनोंदीने जात नाही. कर्ज फेडून बेबाकी दाखला आणला की वेगळा फेरफार करून तो कमी होतो.

शहरात किंवा गावठाणात मोजणी झालेली असेल तर सातबाराऐवजी मिळकत पत्रिका, आणि अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. तिथे नाव लावलं म्हणजे मिळकत पत्रिकेवर लागलं असं होत नाही, दोन्ही वेगळे अर्ज.

रानवारा

प्रथम वर्गाचे वारस म्हणजे नेमके कोण? आमच्याकडे सगळे "बायको आणि मुलं" एवढंच धरतात.

सनद

तिथेच चूक होते. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गात त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं आणि आधी वारलेल्या मुलाची विधवा हेही त्यातच, पण त्या सगळ्या शाखेला मिळून एकच हिस्सा. वडील मात्र दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातलं कुणीही असलं तर त्यांना काही मिळत नाही. आई वारस आणि वडील नाहीत, हे अनेकांना पटत नाही, पण कायदा तसाच आहे.

आकड्यांत बघा. माणसाने स्वतः कमावलेला फ्लॅट. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि म्हातारी आई. वारस पाच, प्रत्येकाला १/५. आता घरच्यांनी आजीला यादीत घेतलंच नाही आणि चौघांनी १/४ धरून नोंद केली. तीन वर्षांनी आजी वारली. तिचा १/५ कुणाकडे जातो? तिच्या सगळ्या मुलांकडे. म्हणजे मयताचे भाऊ आणि बहिणी, या मुलांचे काका आणि आत्या, त्या फ्लॅटचे हिस्सेदार होतात. आजीला तीन अपत्यं असतील, त्यांपैकी मयत एक, तर तिच्या १/५ चे तीन भाग होतात. १/१५ काकांना, १/१५ आत्यांना आणि १/१५ परत या मुलांकडे. फ्लॅट विकताना आता काका आणि आत्या दोघांच्या सह्या लागणार.

यावरचा उपाय आजी हयात असतानाच करायचा: तिची मर्जी असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं किंवा मृत्युपत्र लिहायचं. मर्जी असेल तर, हे पुन्हा लिहितो. तो हिस्सा तिचा आहे, आणि लेकामागे तिच्या औषधपाण्याची सोय त्यातूनच व्हायची असेल तर तो तिने सोडू नये.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्माने हिस्सेदार आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ते आलं, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. "बहिणीचं लग्न आधी झालं", "हुंडा दिला", ही उत्तरं कोर्टात चालत नाहीत. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र उघडता येत नाही.

चाफा

बहिणीने हिस्सा नको म्हटलं तर तलाठ्याकडे तसा जबाब दिला की पुरतं का?

दस्तनोंद

नाही पुरत. तलाठ्यासमोरचा जबाब, नोटरी केलेलं संमतीपत्र, १०० रुपयांच्या स्टॅम्पवरचं "माझी हरकत नाही", यांनी स्थावरातला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र लेखी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृतच लागतं.

रक्ताच्या नात्यात, मोबदला न घेता केलेल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला मुद्रांक नाममात्र आहे, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. पैसे घेऊन सोडलं तर ती विक्रीच धरली जाते आणि बाजारभावावर मुद्रांक लागतो. पैसे घेऊन दस्तात "विनामोबदला" लिहिणं हा धोका आहे. पुढे भांडण झालं की खात्यावरची एंट्री बोलते.

मसुद्यात चार गोष्टी बघा.

कुणाच्या लाभात? "भावांच्या लाभात" असं मोघम लिहिलं तर हिस्सा सगळ्या भावांत जातो. एकालाच द्यायचा असेल तर नाव लिहा. हक्कसोड सहहिस्सेदारालाच करता येते. भाच्याला किंवा वहिनीला द्यायचं असेल तर ते बक्षीसपत्र, आणि त्याचा मुद्रांक वेगळा.

कोणत्या मिळकतीतला? गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, फ्लॅट क्रमांक सगळं लिहा. "वडिलांच्या सर्व मिळकतीतील" एवढंच लिहिलं तर बहिणीने बँकेतल्या ठेवीवरचाही हक्क सोडला का, हा वाद उरतो.

बहिणीला मसुदा आधी घरी वाचायला द्या. निबंधक कार्यालयात अंगठा लावायच्या वेळी प्रथमच कागद समोर ठेवला तर पुढे "मला फसवून सही घेतली" हे म्हणणं खरं वाटण्याजोगं होतं. केलेली हक्कसोड मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, त्यामुळे तिला विचार करायला वेळ मिळणं हा तिचा हक्कच आहे. शक्य असेल तर तिने स्वतःच्या वकिलाला दाखवावा.

आणि वारसनोंद आधी, हक्कसोड नंतर. बहिणीचं नाव आधी सातबारावर लागू द्या, मग ते हक्कसोडीच्या फेरफाराने कमी होऊ द्या. असं केलं की साखळी स्वच्छ राहते.

रानवारा

वारसांत कुणी १८ वर्षांखालचं असेल तर?

सनद

अज्ञान मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाचं स्थावर विकायला किंवा गहाण द्यायला जिल्हा न्यायालयाची आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं, म्हणून कोणताही सावध खरेदीदार त्याला हात लावत नाही. परवानगी मिळताना कोर्ट बहुधा मुलाच्या वाट्याची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. सातबारावर मुलाच्या नावापुढे "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव लागतं. मूल १८ चं झालं की तो शेरा काढायला अर्ज द्यायचा असतो.

निशिगंध

सोसायटीतल्या फ्लॅटबद्दल. सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला गृहनिर्माण संस्थांचं वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात, कायदेशीर वारस ठरेपर्यंत. त्याला सभेला बसता येतं, देखभाल भरता येते, पण तो मालक होत नाही. सचिवांनी "नॉमिनीच्या नावाने भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) केला, आता विका" म्हटलं तरी खरेदीदाराची बँक वारसांचा कागद मागतेच.

नॉमिनी नसेल तर सोसायटी जाहीर नोटीस काढून हरकती मागवते, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंध घेते. वारसाच्या नावे हस्तांतरण होताना हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) घेता येत नाही. मागितलं तर लेखी कारण मागा. अर्ज द्यायच्या आधी थकीत देखभाल मात्र भरून टाका, त्यावरून अर्ज महिनोन्महिने बाजूला ठेवले जातात.

गावनमुना

एका गोष्टीवर माझं सनदसाहेबांशी पूर्ण जमत नाही. वाद नसेल, सगळे वारस सह्या करायला तयार असतील, शेतजमीनच असेल, तर कोर्टाचा वारस दाखला कशाला? महसुली वारसनोंद आणि नोंदणीकृत हक्कसोड किंवा वाटणीपत्र एवढ्यावर काम भागतं. वाटणीसाठी संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने अर्ज आहेच.

सनद

शेतजमिनीपुरतं तुमचं मान्य. पण तीन ठिकाणी मी दाखला घ्याच म्हणेन: मयताची दोन लग्नं असतील, एखादा वारस परदेशात किंवा बेपत्ता असेल, किंवा मिळकत शहरात असून कर्ज काढून विकली जाणार असेल. कोर्टात जाहीर नोटीस निघून कुणी आलं नाही, ही गोष्टच पुढे उपयोगी पडते.

सक्सेशनच्या अर्जात लोक काय चुकतात तेही लिहून ठेवतो. प्रमाणपत्र परिशिष्टात लिहिलेल्या रकमांपुरतंच चालतं. खाते नंबरात एक अंक चुकला की बँक परत पाठवते. म्हणून आधी बँकेकडून मृत्यूच्या तारखेची शिल्लक लेखी घ्या, पासबुकावरून उतरवू नका. एखादी ठेव नंतर सापडली तर नवा अर्ज लागत नाही, कलम ३७६ खाली त्याच प्रमाणपत्राचा विस्तार मागता येतो. कोर्ट फी रकमेवर असते आणि आदेश झाल्यावर ती भरल्याशिवाय प्रमाणपत्र हातात येत नाही, तेव्हा तेवढे पैसे बाजूला ठेवा. जो वारस अर्जदार नाही त्याला प्रतिवादी करा, पत्ता खरा द्या. पत्ता चुकवून नोटीस "बजावली" दाखवली, तर तथ्य लपवून मिळवलेलं म्हणून प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. आणि प्रमाणपत्र ज्याच्या नावे आहे तो एकटा मालक होत नाही. पैसे वसूल करून इतर वारसांना त्यांचा वाटा द्यायची जबाबदारी त्याच्यावर राहते.

चाफा

वकिलाची फी कशी ठरवायची? "मालमत्तेच्या अमुक टक्के" असं सांगतात.

सनद

निकालावर किंवा मिळणाऱ्या मालमत्तेच्या टक्क्यांवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. टक्के सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. फी टप्प्यांत ठरवा: अर्ज दाखल, नोटीस बजावणी, पुरावा, आदेश. कोर्ट फी, वर्तमानपत्रातली नोटीस, नकला हा खर्च फीत धरलाय की वेगळा, हे आधीच कागदावर घ्या. मूळ कागद वकिलाकडे ठेवायचे असतील तर यादी करून पोच घ्या. एकाच वकिलाने सगळ्या वारसांचं काम करणं वाद नसेल तोवर ठीक. मतभेदाची चाहूल लागली की वेगळा वकील करा.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, तालुक्याला तालुका समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधवा आईच्या किंवा बहिणीच्या नावाने अर्ज करायचा असेल तर ही वाट पहिली बघा. भावंडांत वाटणीवरून अडलं असेल तर दावा लोकअदालतीत तडजोडीला ठेवता येतो. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो आणि त्यावर अपील नाही.

हिशेबनीस

कर्ज आणि कराचं राहिलं. मयताचं कर्ज वारसांना फेडावं लागतं ते मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. मिळालं ८ लाख आणि देणं १२ लाख, तर वरचे ४ लाख वारसाच्या पगारातून मागता येत नाहीत. पण तो सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून वसुलीवाल्याला फोनवर "भरतो" म्हणण्याआधी कर्जाच्या करारावरच्या सह्या बघा. गृहकर्जासोबत विमा काढलेला असतो, तोही विचारा.

वारसा म्हणून मिळालेल्या मालमत्तेवर आयकर नाही, आणि मृत्यूवरचा संपदा शुल्क कर १९८५ मध्येच बंद झाला. मात्र आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाने भरायचं असतं. त्यासाठी आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून आधी नोंद करावी लागते, परतावा असेल तर तोही त्याशिवाय येत नाही. त्यामुळे मयताचं पॅन लगेच परत करू नका, विवरणपत्र आणि परतावा आटोपू द्या. नंतर मिळकत विकली तर भांडवली नफा मोजताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात, आणि खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवसाचं मूल्यांकन घेता येतं. वडिलांचं जुनं खरेदीखत आणि इंडेक्स दोन (दस्त नोंदणीचा उतारा) जपून ठेवा.

रानवारा

एक शेवटचं. वर सगळं पुरुष गेल्यावर आहे. बाई गेली तर तेच नियम का?

सनद

नाही, तिथे हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ लागतं. तिचे मुलगे, मुली आणि पती यांना सारखा वाटा. यात तिची आई पहिल्या रांगेत येत नाही. मूलबाळ आणि पती कुणीच नसेल तर मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते, माहेरच्यांकडे नंतर. अपत्य किंवा नातवंड नसताना, आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता मात्र वडिलांच्या वारसांकडे परत जाते, पती हयात असला तरी. त्यामुळे अशा प्रकरणात मालमत्तेच्या यादीत पाचवा रकाना घाला: ही वस्तू तिच्याकडे कुठून आली. स्वकमाई, माहेरचा वारसा, सासरचा वारसा. स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट आणि वडिलांकडून आलेली जमीन एकाच बाईची असली तरी वारस दोन वेगळे निघू शकतात, आणि तेव्हा अर्जही दोन वेगळ्या वारस याद्यांनी करावे लागतात. दस्तनोंद यांनी वर सांगितलेल्या "सगळीकडे एकच यादी"ला हा एवढा अपवाद.

दस्तनोंद

बरोबर. मूळ धाग्यात पाचवा रकाना वाढवून घेतो.